व्हायकिंगांच्या शब्दांमागे करंजापर्यंत

शनिवार, १७ जानेवारी. सकाळी सात वाजता, पळस्पे फाटा.
ठरलेले: पाच. हजर: मी. गैरहजर: श्री. जोशी, सौ. जोशी, सलीमभाई, मंगलाताई.

ही नोंद मी फाट्यावरच्या चहाच्या टपरीशेजारी उभी राहून केली, तेव्हा सात चाळीस झाले होते. पायाशी दोन पिशव्या होत्या. एकीत पाण्याच्या पाच बाटल्या, पाच वह्या, पाच टोप्या आणि प्रथमोपचाराची पेटी. दुसरीत माझे कपडे. सलीमभाई त्यांच्या ऑफिसची व्हॅन घेऊन येणार होते, म्हणून भेटायचं ठिकाण पळस्पे.

आधी आमच्या वर्गाबद्दल सांगते, नाहीतर पनवेलची बाई व्हायकिंगांच्या मागे उरणला कशाला गेली हे कळायचं नाही.

आमच्या इमारतीत कर्णिकबाई राहायच्या. शाळेतून निवृत्त झालेल्या, इतिहासाच्या शिक्षिका. मोठ्या माणसांना इंग्रजी बोलता येत नाही याचं कारण व्याकरणाची पुस्तकं, असं त्यांचं ठाम मत. त्या म्हणायच्या, शब्दांना गाव असतं, गाव कळलं की शब्द विसरत नाही. मग सोसायटीच्या ऑफिसशेजारच्या खोलीत त्यांनी आमचा वर्ग सुरू केला आणि पहिल्याच दिवशी फळ्यावर एक लांब होडी काढली. हे व्हायकिंग. उत्तरेकडून समुद्रातून आले, इंग्लंडचे मठ लुटले, आणि नंतर त्यातले बरेच तिथेच राहिले. शेती केली, तिथल्या बायकांशी लग्नं केली. तलवारी गंजल्या, पण घरातले शब्द राहिले. एग त्यांचा, नाइफ त्यांचा, केक त्यांचा. विंडो म्हणजे वाऱ्याचा डोळा. स्काय म्हणजे मुळात ढग. अँगर म्हणजे त्यांच्याकडे दुःख. यावर सलीमभाई म्हणाले होते, "बाई, त्यात नवीन काय? आमच्या घरी दोन्ही एकच आहे, बीवीला विचारा." मंगलाताई इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला.

आम्ही पाच जण. जोशी पतीपत्नी, ज्यांचा मुलगा यॉर्कशायरला असतो. सलीमभाई, न्हावा शेव्याच्या कंटेनरची वाहतूक बघणाऱ्या ऑफिसात सुपरवायझर. मंगलाताई पाटील, शेजारच्या गावठाणातल्या, शिवणकाम करणाऱ्या. आणि मी. एका कारखान्याच्या भांडार विभागात अठ्ठावीस वर्षं नोकरी करून मुदतीआधी निवृत्ती घेतली. आई होती तोवर घरात दोघी होतो.

दिवाळीनंतर कर्णिकबाई मुलाकडे नागपूरला गेल्या आणि जाताना हजेरीची वही माझ्या हातात देऊन गेल्या. मी वर्ग शिस्तीत आणला. वेळेवर सुरुवात, गृहपाठ, लाल शाईने तपासणी, दर आठवड्याच्या हजेरीचा फोटो ग्रुपवर. तरी माणसं कमी येऊ लागली. मग सोसायटीच्या सेक्रेटरींनी कागद दिला: खोली चालू ठेवायची असेल तर वर्गातल्या पाच जणांच्या सह्या रविवारी संध्याकाळी सहाच्या आत द्या, नाहीतर खोली झुंबाच्या वर्गाला जाईल. बुधवार आणि शनिवार मिळून त्या खोलीतले चार तास, एवढाच माझ्या आठवड्यात माणसांशी बोलण्याचा वेळ होता. तो मला जाऊ द्यायचा नव्हता.

म्हणून ही सहल. आम्ही होड्यांच्या धड्यापर्यंत आलो होतो. उरणजवळ करंजाला एक मिस्त्री अजूनही लाकडाची होडी बांधतो असं कळलं होतं. दोन दिवस एकत्र जायचं, शब्द प्रत्यक्ष बघायचे, आणि परतताना व्हॅनमध्येच पाची सह्या घ्यायच्या. तारीख मी ठरवली आणि ग्रुपवर टाकली. चौघांनी खाली अंगठ्याचं चित्र टाकलं.

पळस्प्याला मी सगळ्यांना फोन केले. जोशी म्हणाले, "अहो, आम्ही जरा बाहेर आलोय," आणि घाईने ठेवला. सलीमभाई म्हणाले, "मॅडम, माफ करा, ट्रकांची लाइन लागलीये, गाडी निघत नाहीये. नेक्स्ट टाइम, इन्शाल्ला." मंगलाताईंचा फोन वाजत राहिला. मी वहीत चार लाल फुल्या मारल्या, फोटो काढला आणि नेहमीप्रमाणे ग्रुपवर टाकला. मग रिक्षाने पनवेलच्या स्टँडवर परत येऊन उरणची एसटी धरली.

रस्ता

जाणाऱ्यांसाठी: डाव्या बाजूची खिडकी घ्या आणि रुमाल हाताशी ठेवा. रस्ताभर ट्रेलर. एकेका ट्रेलरवर आमच्या इमारतीतल्या दोन खोल्या मावतील एवढा कंटेनर. लाल, निळे, गंजके, परदेशी नावांचे. अधूनमधून खाडीचा तुकडा दिसतो, खारफुटी दिसते, चिखलात पाय रोवून उभे बगळे दिसतात, आणि पुन्हा कंटेनरची भिंत. सगळं जग होडीतूनच येतंय अजून, असं मी शेजारच्या सीटकडे वळून म्हणाले. शेजारच्या सीटवर माझी पिशवी होती.

करंजा, शनिवार दुपार

राहायची सोय मिस्त्रींच्याच घरी होती. मिस्त्रींचं नाव कमळाकर, बायको जनाबाई. फोनवर मी पाच माणसांचं जेवण आणि दोन खोल्या सांगितल्या होत्या. जनाबाई दारातच कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. माझ्या मागे रस्ता रिकामा बघून म्हणाल्या, "पाच सांगितली व्हती. बाकीची चार कुठं बुरली?"

मी म्हणाले, "त्यांना कामं निघाली."

"चौघांना एकदम? बरी निघाली."

त्यांनी सकाळपासून रांधलं होतं. सुके बोंबील, कोलंबीचं कालवण, तळलेली मांदेली, तांदळाच्या भाकरीची ही चळत. पनवेलला आम्ही मासे खातो ते फ्रिजमधले, मोजून चार तुकडे. इथे परातीतून वाढतात. मी दोन भाकऱ्या खाऊन थांबले तर त्या म्हणाल्या, "बाय, तू पाचांतली एक हायस, निदान दोघांचं तरी खा." उरलेलं त्यांनी डब्यांत भरलं आणि शेजारच्या तीन घरांत देऊन आल्या. मला वाटलं होतं, जेवण वाया जाईल म्हणून कुरकुर होईल. दहा मिनिटांत विषय संपला.

परत आल्यावर विचारलं, "घरी कोन?"

"मी."

"आनि?"

"मीच."

त्यांनी माझ्या ताटात आणखी कालवण घातलं.

होडी घरामागे, भरतीच्या रेषेच्या जरा वर, लाकडाच्या ठोकळ्यांवर उभी होती. पुढचं टोक, ज्याला नाळ म्हणतात, ते माणसाच्या डोक्याहून उंच. निम्म्या फळ्या बसल्या होत्या, निम्म्या जागेतून पलीकडचं पाणी दिसत होतं. मी चढायला गेले तर कमळाकर मिस्त्री म्हणाले, "चपला काढा, ताई. अजून पान्यात गेली नाय, पन होरी हाय ती." मी चपला काढल्या.

वहीत तीन रकाने आखून आणले होते: मराठी, इंग्रजी, कुठून आला. तळाचं लांब लाकूड दाखवून मी म्हणाले, "याला इंग्रजीत कील म्हणतात. हा व्हायकिंगांचा शब्द."

"कोनाचा?"

मग मी व्हायकिंगांची सगळी हकिगत सांगितली. कर्णिकबाईंसारखी नाही जमली, पण जमली. त्यांच्या होडीच्या फळ्या एकीच्या कडेवर दुसरीची कड अशा चढवलेल्या असत आणि लोखंडी खिळ्यांनी ठोकलेल्या, हे ऐकून मिस्त्रींनी हातातला रंधा खाली ठेवला.

"फळीवर फळी? कौलांसारखी?"

"हो."

"आमची कडेला कड. मधी कापूस आनि राळ." त्यांनी थोडा विचार केला. "चालंल तसं पन. हलकी होईल. ती लोकं मावरं मारायची का?"

"मासे मारायची. आणि लुटायचीही."

"मग? परत गेली का ऱ्हायली?"

"बरीच राहिली. तिथल्यांशी लग्नं केली. त्यांचे शब्द राहिले."

"म्हंजी जावई झाले," जनाबाई मागून म्हणाल्या. "आधी लुटायचं आनि मग जेवायला बसायचं. आमच्याकरचे बी तसेच."

मी नकाशा मागितला. होडीचा आराखडा, मापांचा तक्ता, काहीतरी. मिस्त्री म्हणाले, "नाय." लाकडाची यादी? "नाय." मग लक्षात कसं राहतं? त्यांनी खिशातून एक गुंडाळी काढली. गेरूत भिजवलेलं सूत. एक टोक नाळेशी धरायचं, दुसरं मागे, ताणायचं आणि मधे बोटाने उचलून सोडायचं. फळीवर लाल रेघ उठते, त्या रेघेवर करवत. पण सुताला दोन माणसं लागतात. दुसरं टोक आजवर त्यांचा धाकटा भाऊ धरायचा. आता तो न्हावा शेव्याला क्रेनवर पाळीने जातो. दोन दिवस सलग पाळी होती, म्हणून दोन दिवस फळी तशीच पडून होती.

"तुमी धरता का?" मिस्त्रींनी विचारलं.

मी धरलं. दुपारभर मी सुताचं टोक धरून बसले. बोटं लाल झाली. मिस्त्री "ताना" म्हणाले की ताणायचं, "सोरा" म्हणाले की सैल सोडायचं. मधे गप्पा नाहीत, तरी एकटं वाटत नव्हतं. तिसऱ्या रेघेच्या वेळी मला आठवलं की कॉल हा शब्दही व्हायकिंगांचाच, आणि विसरायच्या आत लिहावा म्हणून मी डाव्या हाताने वही ओढली. सूत हललं. रेघ वाकडी उठली.

मिस्त्रींनी ओल्या फडक्याने रेघ पुसली. "सूत धरलं का लिवायचं नाय, ताई."

"माफ करा. भावाकडूनही चुकतं का?"

"चुकतं की."

"मग तो आला नाही, चुकला, याची काही नोंद?"

त्यांना प्रश्नच कळला नाही. जनाबाईंनी समजावला: "त्या मास्तरीन हायेत. हजेरी लावतात." मिस्त्री हसले. "तो आला नाय तं मी जातो त्याच्या घरी. चहा घेतो. मग येतो तो."

शनिवार संध्याकाळ

दिवेलागणीच्या सुमारास ओट्यावर बसून मी फोन बघितला. ग्रुपवर माझ्या फोटोखाली कोणीही काही लिहिलं नव्हतं. फक्त सौ. जोशी ग्रुपमधून बाहेर पडल्या होत्या. आणि मंगलाताईंचा आवाजी निरोप होता, फक्त मला पाठवलेला. मागे बँजोचं संगीत वाजत होतं, त्यांना ओरडून बोलावं लागत होतं. तो निरोप मी चार वेळा ऐकला, त्यामुळे जसाच्या तसा देता येतो.

"मॅडम, आज माझ्या भाचीची हळद हाय. तिला आई नाय, उद्या माझ्याच दारात लगीन हाय तिचं. तुमाला मी बोलावलं व्हतं. तोंडी नाय, लिवून दिलं व्हतं, तुमी शिकवलेल्या भाषेत. तुमी त्याच तारखेला सहल काढली. मी म्हटलं, बाई मोठ्या, इसरल्या असतील, म्हनून नुसता अंगठा टाकला. आनि आता ही फुली. माझी सून, माझे व्याही, सगली माझ्या फोनवर बघतात. हळदीच्या दिवशी माझ्या नावापुढं लाल फुली. मी शिकायला येत व्हते, मॅडम. हजेरीला नाय."

शेवटी मागून कोणीतरी हाक मारली, "मंगलाताई, चलो, फोटो काढतायत!" तो आवाज सलीमभाईंचा होता. त्यांच्यापाठोपाठ जोशींचं हसू. ते खोकल्यासारखं हसतात, चुकायचं नाही.

ट्रकांची लाइन नव्हती. चौघं एकाच मांडवात होते.

मी खोलीत जाऊन हजेरीच्या वहीत ठेवलेली गृहपाठाची पानं उघडली. तीन जानेवारीचं पान. शब्द होता गेस्ट. त्यावर प्रत्येकाने स्वतःचं वाक्य लिहायचं होतं. मंगलाताईंनी तीन लिहिली होती, मोठ्या, सुट्या, एकेक अक्षर कोरलेल्या इंग्रजीत: सतरा तारखेला माझ्या भाचीची हळद. खूप गेस्ट येणार. यू ऑल्सो कम.

त्यावर माझी लाल शाई. दोन ठिकाणी राहिलेली अक्षरं घातली होती, एक क्रियापद सुधारलं होतं, आणि खाली दहापैकी सहा गुण. शेवटच्या वाक्याखाली लिहिलं होतं: बरोबर.

जनाबाई दारात आल्या. निरोप त्यांनीही ऐकला होता. फोनचा आवाज मोठा होता आणि घर लहान. पान बघून विचारलं, "काय लिवलंय?"

मी वाचून अर्थ सांगितला.

"आनि तू काय लिवलंस?"

"बरोबर."

त्यांनी लाल शाईवरून बोट फिरवलं, जणू त्यांना वाचता येत होतं. मग म्हणाल्या, "फोन लाव तिला."

"काय बोलू?"

"ते मी सांगू? तुला एवरी भाषा येती."

मी फोन लावला नाही. मांडवात गाणी चालू असतील, ऐकू येणार नाही, असं कारण मी स्वतःला दिलं. मग काय बोलायचं त्याचे मुद्दे काढले. पहिला मुद्दा: तारीख. दुसरा: फुली. तिसरा लिहिताना लक्षात आलं की हे खुलाशाचं पत्र होतंय, कारखान्यात साठा कमी भरला की मी लिहायचे तसं. पान फाडून टाकलं. शेजारच्या, चौघांसाठी ठेवलेल्या खोलीत जनाबाईंनी स्वच्छ चादरी घातल्या होत्या. मी त्या खोलीचं दार ओढून घेतलं.

रविवार

सकाळी धक्क्यावर गेले. जाणाऱ्यांनी उन्हं चढायच्या आत जावं. होड्या लागतात, टोपल्या उतरतात, आणि बायका अशा भाव करतात की त्यांच्यापुढे आमच्या पनवेलच्या बाजारातली घासाघीस म्हणजे प्रार्थना वाटावी. जनाबाईंनी मला एका बाईसमोर उभं करून सांगितलं, "ही पाचांची एक आलीय." सगळ्या हसल्या. मीही हसले. कोणी माझं नाव विचारलं नाही, पण एकीने बसायला रिकामी टोपली उलटी करून दिली. एरवी मी या जागेबद्दल दोन पानं लिहिली असती. त्या दिवशी माझं लक्ष सारखं सहा वाजण्याकडे होतं.

निघताना मिस्त्री ओट्यावर बसले होते. भाऊ पाळीवरून आला होता आणि आत झोपला होता. मी विचारलं, होडी पाण्यात कधी जाईल? "फळ्या संपल्या का," ते म्हणाले. जनाबाईंनी केळीच्या पानात मांदेली बांधून दिली. पिशवीतल्या चार वह्या आणि चार टोप्या मी त्यांच्या घरी ठेवल्या. बाटल्याही.

परतीची एसटी बंदराच्या वळणावर दीड तास अडकली. या वेळी ट्रकांची लाइन खरीच होती. ड्रायव्हर खाली उतरून तंबाखू मळत बसला. मी हिशेब केला: पाच वाजता पनवेल, सव्वापाचला गावठाण, सगळे लग्नात एकत्रच असतील, पावणेसहापर्यंत सह्या. एवढं सगळं झाल्यावरही माझं डोकं असं चालत होतं, हे इथे लिहिलं पाहिजे, नाहीतर पुढचं खोटं वाटेल.

पाच वाजून दहा मिनिटांनी रिक्षा गावठाणाच्या तोंडाशी आली. रस्त्याच्या कडेला मांडव. लाल-पिवळी कनात, वर आंब्याचे डहाळे. मी रिक्षा थांबवायला सांगितली. कनातीच्या फटीतून चौघं दिसत होते. जोशींनी फेटा बांधला होता आणि तो एका कानावर उतरला होता. सौ. जोशी बायकांच्या घोळक्यात बसून कुणाच्या तरी बाळाला मांडीवर हलवत होत्या. सलीमभाई सफारीच्या बाह्या वर करून पंगतीत बुंदी वाढत होते आणि आग्रह करत होते. मंगलाताई मधोमध, हिरव्या साडीत, हातात अक्षतांचं तबक, कुणाला तरी रागावून काहीतरी सांगत होत्या आणि तो माणूस हसत होता. त्यांच्या गालाला अजून हळद लागलेली होती.

चार सह्या पन्नास पावलांवर होत्या. कागद पिशवीच्या वरच्या कप्प्यात, पेन त्याला अडकवलेलं. मी गेले असते तर मिळाल्या असत्या. लग्नघरात दाराशी आलेल्याला कोणी नाही म्हणत नाही. मंगलाताईंनी आधी बसायला सांगितलं असतं, पाणी दिलं असतं, आणि मग सही केली असती, जशी व्याह्यांसमोर माणसं करतात. चौघांनीही केली असती. खोली वाचली असती.

"मॅडम, उतरताय का?" रिक्षावाल्याने विचारलं.

हातात त्या कागदाशिवाय मी त्या मांडवात जाऊ शकले असते का, याचा मी खरंच विचार केला. काहीही न घेता, फक्त उशिरा आलेली पाहुणी म्हणून. पिशवी रिक्षात ठेवायची आणि उतरायचं. एक पाय मी बाहेर काढलाही होता. तेवढ्यात मंगलाताईंनी या बाजूला मान वळवली. त्यांना मी दिसले की नाही, माहीत नाही. मी पाय आत घेतला.

"नाही," मी म्हणाले. "चला."

सहाला पाच कमी असताना सेक्रेटरींना कागद परत दिला. त्यावर एकच सही होती. ते भले गृहस्थ आहेत. म्हणाले, "आठवडाभर वाढवून देऊ का मुदत? कमिटीला मी सांगतो." मी म्हणाले, नको. खोलीची किल्लीही दिली. कर्णिकबाईंची होडी फळ्यावर अजून पुसट दिसत होती, ती मी पुसली नाही. झुंबावाले पुसतील.

हे लिहितेय तो बुधवार आहे, आमच्या वर्गाचा वार. खालून झुंबाची गाणी येतायत. आठवड्याच्या कामांची यादी समोर आहे. कर्णिकबाईंना पत्राने सगळं कळवून झालं. ग्रुपवरचे हजेरीचे सगळे फोटो माझ्या बाजूने काढून झाले, जेवढे निघाले तेवढे. करंजाला फोन करून झाला. सोमवारी गावठाणात जाऊनही आले, मांडव सोडत होते, मंगलाताई अंगणात पाठमोऱ्या बसून मोठी पातेली घासत होत्या. मी वळणावरूनच परत फिरले. काल तयार झाले, कुलूप लावलं, आणि जिन्यात आठवलं की हजेरीची वही पिशवीतच राहिलीय. ती ठेवायला वर आले, मग खाली उतरले नाही.

वही घरी ठेवून मंगलाताईंच्या दारात जायचं. एवढं एक काम राहिलं आहे.